कार्टरच्या रेघा, काहालची चांदी

'ग्रेज ॲनाटॉमी' माहीत नसलेला डॉक्टर सापडायचा नाही. पण त्यातली चित्रं काढणारे हेन्री वॅनडाइक कार्टर आमच्या भायखळ्यात शिकवत होते, हे कितीजणांना ठाऊक असतं? 1858 साली पुस्तक लंडनमध्ये निघालं आणि त्याच वर्षी कार्टर मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. छापताना सुलटी उमटावीत म्हणून लाकडी ठोकळ्यांवर त्यांनी चित्रं उलटी काढली होती. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखक ग्रे यांनी त्यांचं नाव मुद्दाम बारीक टायपात घालायला लावलं. मला त्याचा आजही राग येतो.

मी जन्मभर प्रयोगशाळेत स्लाइड केल्या. त्यात डोळा सगळ्यांत अवघड. पॅराफिनच्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर काप निघतो, कोमट पाण्यावर तरंगतो आणि तेवढ्यात दृष्टिपटल मागच्या काळ्या थरापासून सुटतं. जपून उचलून हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग दिला, की निळ्या ठिपक्यांचे तीन पट्टे दिसतात. थर कळतात, पण कुठली पेशी कुणाला जोडलेली ते कळत नाही. कार्टरच्या काळी जगाला जवळपास एवढंच दिसत होतं. कॉलेजला जोडलेल्या जे.जे. रुग्णालयाच्या आवारात कावसजी जहांगीर रेडीमनींच्या देणगीतून डोळ्यांचं स्वतंत्र रुग्णालय झालं ते त्याच काळात. तिथे मोतीबिंदू निघायचा. दृष्टिपटलातल्या पेशींचं काम मात्र कुणालाच उलगडलेलं नव्हतं.

ते उलगडायला चांदी कामी आली. 1873 मध्ये शास्त्रज्ञ गोल्जी यांनी सिल्व्हर नायट्रेटची रीत काढली. तिच्यात मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण फांद्यांसकट. कार्टर 1888 मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी स्पेनमध्ये रामोन इ काहाल यांनी त्याच रीतीने केलेलं, पक्ष्यांच्या दृष्टिपटलावरचं आपलं काम छापलं. तेही हाताने चित्रं काढणारेच.

त्यांनी रेखाटलेल्या पेशींची कामं पुढच्या शतकात कळली. उजेड टिपतात दंडपेशी आणि शंकूपेशी. गंमत म्हणजे त्या अंधारात जास्त रसायन सोडतात, उजेड पडला की कमी. आडव्या पेशी शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा उजेड ताडून पाहतात. द्विध्रुवी पेशींतल्या काही उजेड वाढला की बोलतात, काही घटला की. ॲमाक्राइन पेशी हालचाल आणि वेळ सांभाळतात. शेवटी गँग्लियन पेशी, त्यांचेच तंतू मेंदूकडे जातात. दंडपेशी सुमारे 12 कोटी, शंकूपेशी 60 लाख, आणि हे तंतू जेमतेम 10-12 लाख! म्हणजे सगळं पुढे पाठवायला जागाच नाही. 1953 मध्ये शास्त्रज्ञ कफलर यांनी मांजराच्या डोळ्यात दाखवलं, की गँग्लियन पेशी मधला भाग आणि भोवताल यांतला फरक कळवते. म्हणून भायखळा स्टेशनाच्या पुलावर दिवेलागणीला उजेड किती उतरला ते जाणवत नाही, पण समोरच्याच्या पांढऱ्या शर्टाची कड ठसठशीत दिसते.

काचबिंदूत मरतात त्या ह्याच गँग्लियन पेशी. मेलेली परत उगवत नाही. थेंब घालून डोळ्याचा दाब उतरवतात, तो उरलेल्या वाचाव्यात म्हणून.