डोंगरीचे १०१ दिवस आणि माझे अर्धे भाषण

१ ऑगस्ट जवळ आला की शेजारची मुले माझ्याकडे टिळकांवरचे भाषण लिहून मागायला येतात. निवृत्त मास्तरला तेवढेच काम! यंदा सातवीतला एक जण आला. 'डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस' एवढे लिहून झाले, तोच त्याने विचारले, "आजोबा, पण त्यांनी केलं काय होतं?"

सवयीने म्हणणार होतो, इंग्रजांविरुद्ध लिहिले. वर्गात वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. पण ते खरे नाही.

झाले ते असे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे अशी लोकांत बोलवा होती, आणि सगळा राग दिवाण रावबहादूर बर्वे यांच्यावर. बर्व्यांनी महाराजांविरुद्ध कट केल्याचे दाखवणारी काही पत्रे पुण्यात आली. 'केसरी' आणि 'मराठा' जानेवारी १८८१ मध्ये निघालेले, म्हणजे वर्षभराचेही नव्हते. संपादकांना पत्रे खरी वाटली, त्यांच्या आधारे मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात पत्रे बनावट ठरली. आगरकर-टिळकांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी खटला सोडला नाही. १७ जुलै १८८२ ला चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघांचाही जन्म १८५६ चा. सव्विसावा वाढदिवस आगरकरांचा शिक्षेच्या तीन दिवस आधी झाला, टिळकांचा तुरुंगात. २६ ऑक्टोबरला सुटले. (बोटे मोजून पाहिली, १०१ बरोबर भरतात.)

म्हणजे हा राजद्रोह नव्हे. राजद्रोहाचे खटले पुढचे, १८९७ आणि १९०८ चे. माझ्या डोक्यात तिन्ही एकाच गाठोड्यात बांधलेले होते, आणि मी ते तसेच मुलांच्या डोक्यावर दिले. बर्व्यांचे नाव तर कधी घेतलेच नाही. न केलेल्या कटाचा आरोप छापून आला तो माणूस मराठीच होता, हे सांगितले तर गोष्ट फिकी पडेल असे वाटायचे की काय, देव जाणे.

आणि गंमत नव्हे, दुःख असे की महाराजांचे हाल खोटे नव्हते. २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय वीस. त्यांच्या बाजूने बोलायला खरा मजकूर भरपूर होता. बनावट कागद मध्ये आले आणि कोर्टात चर्चा कागदांची झाली, महाराजांची राहून गेली.

एक गोष्ट मात्र वर्गात सांगायला हवी होती. या दोघांच्या दहा हजारांच्या जामिनाची सोय जोतीराव फुल्यांनी रामशेट उरवण्यांकडून करवली. विचार पटत नसलेल्या माणसांसाठी! आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

आपल्या जिल्ह्याला हे दूरचे वाटायला नको. एप्रिल २०२० मध्ये मुले पळवणारे फिरताहेत या अफवेवर गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा गाडीवाला मारले गेले, आणि मग त्याला धर्माचा रंग देणारे मजकूर फिरले. तसला एक माझ्याही फोनवर आला होता. मी तो सालवडमधल्या दोघांना पुढे पाठवला, नंतर खोटा निघाला. कबूल करतो.

असो. मुलाला भाषणात दोन वाक्ये जास्त घालून दिली: पत्रे बनावट होती आणि त्यांनी माफी मागितली. भाषण करून तो पेढा घेऊन आला. ती वाक्ये म्हटलीस का, विचारले.

"नाही आजोबा," म्हणाला, "तिथं टाळ्या आल्या नसत्या."

पेढा खाल्ला. त्याला काय बोलणार?