वस्ताद, उस्ताद आणि अकरा बैठका

 

या मालिकेत मी आजवर लढाया आणि किल्ल्यांवर बोललो. आजचा विषय व्यायामाचा आहे, पण तोही इतिहासाचाच. सुरुवात मात्र माझ्या घरातल्या एका रात्रीपासून करावी लागेल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बासष्ट वर्षांचा, फौजेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली. निवृत्तीनंतर वजन भराभर वाढलं होतं, म्हणून मी धावायला लागलो. रोज सकाळी आठ किलोमीटर, पावसातसुद्धा. दीड वर्षात नऊ किलो उतरवले आणि जुना गणवेश पुन्हा अंगात बसला याचा मला भलताच अभिमान होता. एका रात्री आई न्हाणीघराच्या दारात पडली. वय चौऱ्याऐंशी. नशिबाने हाड मोडलं नव्हतं. मी तिच्या काखेत हात घालून उचलायला गेलो आणि उचलता येईना. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा कमरेत अशी कळ आली की मीच भिंतीला टेकलो. आई खालून म्हणाली, "अरे, तू राहू दे, तुझीच कंबर मोडेल." शेवटी सोसायटीच्या रखवालदाराला हाक मारली. तो बावीस वर्षांचा पोरगा, त्याने तिला लहान मुलासारखी उचलून पलंगावर ठेवली. मी, ज्याने पलटणीत जखमी जवानाला खांद्यावर टाकून धावण्याचा सराव घेतला आणि दिला, बाजूला उभा होतो.

कमरेसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेलो तेव्हा तिने एक साधी चाचणी घेतली. हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, तीस सेकंद. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाकडून किमान चौदा वेळा अपेक्षित असतं. माझे अकरा झाले. "सर, तुम्ही चरबी उतरवलीत, पण तिच्याबरोबर स्नायूही उतरवलेत," असं ती शांतपणे म्हणाली.

घरी येताना मला आजोबा आठवले. ते इथल्याच जुम्मादादा व्यायाममंदिरात जाणारे. सत्तरीत रोज पन्नास बैठका मारत आणि त्यानंतर चहा घेत. त्यांनी मलाही लहानपणी तिथे नेलं होतं. मी इतिहासाचा पदवीधर, फौजेत छत्तीस वर्षांच्या आसपास नसली तरी तीस वर्षांवर नोकरी केलेला माणूस, आणि जे आजोबांना ठाऊक होतं ते मला का ठाऊक नव्हतं? या प्रश्नाने मी पुस्तकांकडे वळलो.

आज आपण व्यायामाचे तीन कप्पे करतो. हृदयासाठी धावणं, ताकदीसाठी जिम, लवचिकपणासाठी योग. जुन्या तालमीत हे कप्पे नव्हते. जोर हा छाती-दंडाचा व्यायाम, पण त्यात पाठीचा कणा मागे-पुढे असा वळतो की आसन करणारा माणूस ते लगेच ओळखेल. पाचशे बैठका मारणाऱ्याला दम लागतो तो धावणाऱ्यासारखाच. मलखांबात तर ताकद, तोल आणि श्वास वेगळे काढताच येत नाहीत. मुद्गल आणि करेला फिरवताना खांद्याचा सांधा पूर्ण गोल फिरतो. तालमीच्या वस्तादाला यातल्या कशालाही वेगळं नाव द्यायची गरज वाटली नाही.

बडोद्याच्या या व्यायाममंदिराचं नाव देशभर नेलं ते राजरत्न माणिकराव यांनी. सयाजीराव महाराजांच्या राज्यात तालमींना मान होता. माणिकरावांनी एक गोष्ट अशी केली की फौजी माणसाने तिची दखल घ्यावी. तालमीत एकेकटा होणारा व्यायाम त्यांनी सांघिक केला आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी हिंदीत दिले. शेकडो मुलं एका हुकमावर हलतात तेव्हा काय होतं हे मी परेडच्या मैदानावर पाहिलं आहे. इंग्रजांच्या काळात ते आपल्या भाषेत करणं ही साधी गोष्ट नव्हती.

याच तालमीत १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. पुढे नर्मदेकाठी मालसर येथे परमहंस माधवदासांकडे त्यांनी योगाचं शिक्षण घेतलं आणि ते स्वामी कुवलयानंद झाले. लोणावळ्याचं कैवल्यधाम त्यांनी १९२४ मध्ये स्थापन केलं हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्याआधी, १९२०-२१ च्या सुमारास, त्यांनी इथे बडोद्याच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली यांचे प्रयोग केले. या क्रियांत पोटाच्या आत दाब किती बदलतो हे मोजायचं होतं. त्या वर्षांत योग म्हणजे एक तर साधूंचा विषय किंवा जादूचा. "सांगू नका, मोजून दाखवा" हा बाणा तेव्हा विरळाच होता. लोणावळ्याला आल्यावर त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं आणि त्यात हे प्रयोग छापले. मला यात विशेष वाटतं ते हे की योगाला प्रयोगशाळेत नेणारा हा माणूस आधी तालमीच्या मातीत तयार झाला होता. आसन की जोर, हा वाद त्यांच्यासाठी नव्हताच.

दुसरे गृहस्थ औंधचे राजे, बाळासाहेब पंत प्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचे सर्वांत मोठे प्रचारक म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांची सुरुवात कुठून झाली? सँडोपासून! युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध बलवान, आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनकच म्हणा ना. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही आला होता. बाळासाहेबांनी त्याच्या आधीच, १८९७ मध्ये, सँडोची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि सुमारे दहा वर्षं निष्ठेने तो व्यायाम केला. १९०८ पासून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग मागे पाहिलं नाही. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, स्त्रियांनीही घालावेत असा आग्रह धरला, पुस्तकं लिहिली. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघालं.

राजेसाहेबांबद्दल माझ्या मनात आदर आहे, तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सूर्यनमस्काराने जवळजवळ सगळंच बरं होतं अशी त्यांची भाषा होती, आणि ती आजही फोनवर फिरणाऱ्या संदेशांत जिवंत आहे. भरभर घातलेले नमस्कार दम वाढवतात, अंग मोकळं करतात, दंडांनाही काम देतात. पण स्नायू बळकट राहायला भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो, आणि नमस्कारात भार आपल्या शरीराचा, तेवढाच. खाली बसलेल्या माणसाला उचलायची तयारी त्यातून पुरती होत नाही. हे मी पुस्तकातून नव्हे, न्हाणीघराच्या दारात शिकलो.

बंगळूरच्या के. व्ही. अय्यर यांनी दोन्ही हातांत दोन्ही धरले. त्यांच्या व्यायामशाळेत बारबेल होते, ते टपालाने धडे पाठवत, १९३० मध्ये 'मसल कल्ट' हे पुस्तक लिहिलं, आणि पुढे सूर्यनमस्कारांवरही एक पुस्तक लिहिलं. वजनं आणि हठयोग एकाच वेळापत्रकात बसवायला त्यांना अडचण वाटली नाही. कलकत्त्याला विष्णुचरण घोष, म्हणजे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू, हेच करत होते. त्याच बंगालचे मनोहर आईच रॉयल एअर फोर्समध्ये होते. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या थोबाडीत मारल्याबद्दल त्यांना तुरुंग घडला आणि तिथे उपकरणांवाचून त्यांनी शरीर घडवलं. १९५२ मध्ये ते आपल्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. उंची पाच फुटांपेक्षा कमी! शंभरी ओलांडून २०१६ मध्ये ते गेले. शिस्तभंगाचं समर्थन मी करणार नाही, माझं आयुष्य शिस्तीत गेलं. पण त्या थोबाडीबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

मग आम्ही फौजी नुसते धावणारे कसे झालो?

फौजी पी.टी.चा उगम इंग्रजांकडे. क्रिमियन युद्धानंतर त्यांना आपले सैनिक किती दुबळे आहेत हे कळलं. १८६० च्या सुमारास बारा सार्जंट ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लारेन यांच्या व्यायामशाळेत पाठवले गेले आणि तिथून त्यांच्या सैन्यात व्यायामशिक्षक ही जमात तयार झाली. आपल्याकडे त्या शिक्षकाला जवान उस्ताद म्हणतो. तालमीतला वस्ताद आणि पी.टी.चा उस्ताद, शब्द एकच.

आमच्या चाचण्यांत सगळं होतं. दोरावर चढणं, नऊ फुटांचा खंदक उडी मारून ओलांडणं, चिन-अप, सिट-अप, आणि रायफल-पिठ्ठूसह पाच किलोमीटर. शिवाय २.४ किलोमीटरची दौड. हे २.४ कुठून आले? दीड मैल. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये 'एरोबिक्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांची बारा मिनिटांची आणि दीड मैलाची चाचणी जगभरच्या सैन्यांत पसरली. त्याआधी १९५३ मध्ये लंडनला जेरी मॉरिस यांनी दाखवलं होतं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. हृदय वाचवायचं तर पाय हलवा, हे तिथून जगाला पटलं. ते खरंच आहे, मी त्यावर शंका घेत नाही.

पण फौजेतून बाहेर पडल्यावर खंदक गेला, दोर गेला, पिठ्ठू गेला. उरले फक्त बूट आणि रस्ता. चाचणीतल्या दहा गोष्टींपैकी एकच मी घरी आणली, तीही कारण तिला सामान लागत नाही. कूपर यांनीसुद्धा पुढे सांगितलं की वय वाढेल तसा ताकदीच्या व्यायामाचा वाटा वाढवत न्या. ते पान मी वाचलं नव्हतं.

वयाने स्नायू झिजतात त्याला सार्कोपेनिया हे नाव मिळालं ते १९८९ मध्ये, म्हणजे मी कॅप्टन असताना. आणि १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या दहा अशक्त स्त्री-पुरुषांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. एकाने मध्येच सोडलं. बाकीच्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! हे वाचल्यावर बासष्टीतल्या माझ्याकडे कारण उरलं नाही.

वजनाबद्दल दोन शब्द, कारण लोक मला तेच आधी विचारतात. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर साधारण साडेतीनशे कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. हिशेब करा, आणि मग धावून आल्यावर आपण बडोदेकर जी सेव-उसळ खातो ती पाव आणि तर्रीसकट मोजा. वजन मुख्यतः ताटात उतरतं. माझे नऊ किलोही खरं तर रात्रीचा भात सोडल्याने गेले होते, श्रेय मात्र मी बुटांना दिलं. आणि ताटातून डाळ, दूध, अंडी कमी करून नुसतं धावलं की जातं काय, ते माझ्या अकरा बैठकांत दिसलं.

आता माझा आठवडा असा आहे. धावणं तीन दिवस, तेही पाच किलोमीटर. एक दिवस नुसतं लांब चालणं. दोन दिवस वजनं: बैठका, जमिनीवरून वजन उचलणं, खांद्यावरून वर ढकलणं. कमरेने हे मान्य करायला चार महिने घेतले आणि पहिले सहा आठवडे मी हातात फक्त काठी धरत होतो. रोज सकाळी वीस मिनिटं आसनं आणि बारा नमस्कार, सावकाश. एका पायावर उभं राहणं दात घासताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही याच्याच जवळ जातात: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, किमान दोन दिवस ताकदीचा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी वजनाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं; श्वास कोंडून वजन उचलू नये, हे तर सगळ्यांनाच.

जुन्या तालमीचंही सगळंच गोड नव्हतं. तिथे बायकांना प्रवेश नसे, दुखापतीला हळद आणि शिव्या याखेरीज औषध नसे, आणि कुस्ती सुटल्यावर दूध-तुपाचा खुराक न सुटल्याने कित्येक पैलवान पन्नाशीत बोजड झाले. निवृत्त फौजी आणि निवृत्त पैलवान या बाबतीत भाऊ-भाऊ.

मागच्या महिन्यात मी तीस सेकंदांची तीच चाचणी पुन्हा दिली. सतरा झाल्या. आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. फिजिओथेरपिस्टने तिलाही रोज खुर्चीवरून उठ-बस सांगितली आहे, हाताने टेकायची मुभा देऊन. ती मोठ्याने आकडे मोजते आणि मी मध्ये बोललो तर मला गप्प करते. काल सात झाल्या.