जाणकारांचा सल्ला आणि राज्यकर्त्यांचे कान

२ सप्टेंबर १९४५ या एकाच दिवशी आशियात दोन मोठ्या घटना घडल्या. टोकियोच्या उपसागरात ‘मिसूरी’ या अमेरिकन युद्धनौकेवर जपानने शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. आणि हनोईत हो चि मिन्ह यांनी व्हिएतनामचे स्वातंत्र्य घोषित करताना अमेरिकेच्याच १७७६ च्या जाहीरनाम्यातील वचनाने आरंभ केला. पुढे या दोन्ही राष्ट्रांशी अमेरिकेचा संबंध आला. शस्त्रबळाची उणीव कोठेच नव्हती. अंतर पडले ते समजुतीत आणि नेत्यांच्या वृत्तीत.

जपानविषयी अमेरिकेपाशी जाणती माणसे होती. जोसेफ ग्रू हे १९३२ पासून १९४१ पर्यंत टोकियोत राजदूत होते. रूथ बेनेडिक्ट या विदुषीने जपानात कधी पाऊलही न टाकता, अमेरिकेतील जपानी लोकांशी बोलून व त्यांचे ग्रंथ आणि चित्रपट अभ्यासून त्या समाजाचा स्वभाव सरकारसाठी उलगडून दाखविला. सम्राट हे प्रजेच्या निष्ठेचे केंद्र आहे, हे दोघांनीही ओळखले होते. सम्राटपद राहील असे आश्वासन द्यावे, असा ग्रू यांचा मे १९४५ मध्ये आग्रह होता. २६ जुलैच्या पॉट्सडॅम घोषणेत मात्र तो शब्द आला नाही. आला असता तर हिरोशिमा व नागासाकी ही शहरे वाचती काय, याविषयी इतिहासकारांत आजही दुमत आहे.

पुढे जनरल मॅकआर्थर या मानी सेनापतीने सम्राटाला सिंहासनावर राहू दिले. त्याच्यावर खटला भरल्यास किमान दहा लक्ष सैन्य लागेल, असे त्यांनी जानेवारी १९४६ मध्ये वॉशिंग्टनला कळविले. युद्धाच्या जबाबदारीचा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला, हे खरे. तथापि कालचा शत्रू मित्र झाला.

व्हिएतनामच्या वाट्याला हे आले नाही. हो चि मिन्ह यांनी अध्यक्ष ट्रूमन यांना लिहिलेली पत्रे अनुत्तरित राहिली. नंतरच्या संशयाच्या वातावरणात जॉन सर्व्हिस व जॉन डेव्हिस यांच्यासारखे चीनचे अभ्यासक परराष्ट्रखात्यातून काढले गेले. १९६५ मध्ये जॉर्ज बॉल यांनी दिलेला धोक्याचा इशारा अध्यक्ष जॉन्सन यांनी ऐकून घेतला, पण मानला नाही. अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन आणि लक्षावधी व्हिएतनामी प्राणांस मुकले. त्या देशाचा इतिहास व संस्कृती यांविषयी आपण अजाण होतो, अशी कबुली तत्कालीन संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी १९९५ मध्ये दिली.

दुर्बल राष्ट्राच्या अज्ञानाची किंमत बहुधा त्यालाच मोजावी लागते. बलाढ्य राष्ट्राच्या अज्ञानाची किंमत इतरांनाही मोजावी लागते. म्हणूनच ज्याच्या हाती अधिक सत्ता, त्याच्यावर दुसऱ्याला ओळखण्याची जबाबदारीही अधिक.