संकेतस्थळावरील जाहिरातींतून उत्पन्न

गंगापूर : स्वतःचे मराठी संकेतस्थळ असणाऱ्यांना त्यावर जाहिराती दाखवून उत्पन्न मिळविता येते. गूगलची 'ॲडसेन्स' ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. मराठी मजकुरासाठी ती २०१८ मध्ये खुली झाली.

नोंदणीनंतर मिळणारा कोड संकेतस्थळाच्या पानांतील 'हेड' विभागात चिकटवावा लागतो. तपासणीअंती मंजुरी मिळाली की जाहिराती दिसू लागतात.

खरी कसोटी पत्त्याची असते. जमा रक्कम १० डॉलरवर पोहोचली की पडताळणीचा क्रमांक टपालाने पाठविला जातो. तो चार महिन्यांत न नोंदविल्यास जाहिराती थांबतात. गंगापूर हे गाव नाशिकजवळही आहे. त्यामुळे येथील रहिवाशांनी पत्त्यात तालुका, छत्रपती संभाजीनगर जिल्हा आणि ४३११०९ हा पिनकोड न चुकता लिहावा. खात्यावरील नाव बँकेतील नावाशी जुळणारे असावे.

रक्कम १०० डॉलर झाल्यावरच ती बँकेत जमा होते. तोवर संयम हवा. उत्पन्न वाढविण्यासाठी आपल्याच जाहिरातींवर टिचकी मारणे किंवा मित्रांना मारावयास सांगणे नियमबाह्य असून, त्यामुळे खाते बंद होऊन साठलेली रक्कमही गमवावी लागू शकते.