रवीश मल्होत्रा: प्रशिक्षण पूर्ण, पण उड्डाण नाही

अंतराळात जाणारे पहिले भारतीय राकेश शर्मा सर्वांना माहीत आहेत. त्यांच्याइतकीच तयारी केलेले दुसरे वैमानिक म्हणजे रवीश मल्होत्रा.

भारत-सोव्हिएत संयुक्त मोहिमेसाठी भारतीय हवाई दलातून या दोघांची निवड झाली. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत दोघांनी प्रशिक्षण घेतले, रशियन भाषाही शिकली. जागा मात्र एकच होती. शर्मा मुख्य अंतराळवीर ठरले आणि मल्होत्रा राखीव. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ यान झेपावले. मल्होत्रा जमिनीवरच राहिले.

राखीव अंतराळवीर कशासाठी? मुख्य अंतराळवीर ऐनवेळी आजारी पडला, तर त्याच्या जागी जाणारी व्यक्ती तयार असावी लागते. म्हणून राखीव अंतराळवीराचे प्रशिक्षण कुठेही कमी नसते. सगळे सुरळीत पार पडले, की त्याची संधी मात्र हुकते.

मल्होत्रा यांना कीर्तिचक्राने गौरवण्यात आले.

पुढे इस्रोचे एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन यांची अमेरिकी स्पेस शटलच्या मोहिमेसाठी निवड झाली. पण २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाचा स्फोट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले आणि ती मोहीमही रद्द झाली.