निकाली

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (१५८०–१६२७) बापाजी मुसलमान नावाच्या माणसाचा एका हिंदू प्रतिवादीशी दावा लागला. गावच्या पंचांनी निकाल बापाजीच्या विरुद्ध दिला. पंच आपल्या बाजूने नाहीत, धर्मावरून पक्षपात झाला, अशी तक्रार घेऊन तो थेट सुलतानाकडे गेला. सुलतानाने निकाल फिरवला नाही आणि तक्रार धुडकावलीही नाही. त्याने दावा फेरतपासणीसाठी पैठणला पाठवला. हिंदूंच्या या क्षेत्री, जिथल्या पंडितांचा शब्द शेवटचा मानला जाई, तिथल्या पंचायतीने पहिलाच निकाल कायम केला आणि सुलतानाने तो मान्य केला.

बापाजी दोनदा हरला. तरी ही हकीकत इतिहासकारांना पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटली, कारण तिच्यात दोन प्रश्न वेगळे दिसतात. खरे कोणाचे, हा एक. हरलेल्याने ते का मानावे, हा दुसरा. न्यायसभेत हे दोन्ही प्रश्न ओळखीचे आहेत. पण ज्या ठिकाणी निवाडा काही क्षणांत करावा लागतो, तिथे त्यांची गाठ अधिक घट्ट बसते. ते ठिकाण म्हणजे आखाडा.

गावोगावच्या जत्रांच्या फलकांवर आजही 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान' असे शब्द असतात. निकाली म्हणजे चितपट. दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती संपली. हलगी थांबते आणि काय झाले ते बांधावर बसलेल्या पोरालाही कळते. खांदे टेकलेच नाहीत तर पंच जोड सोडवत आणि कुस्ती बरोबरीत जाहीर करत. कोण थोडा सरस होता, हे ठरवण्याची जबाबदारी जुन्या पंचांवर सहसा येतच नसे. गामा आणि रहीम सुलतानीवाला यांच्या काही कुस्त्या अशाच बरोबरीत सुटल्या. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनला पोलंडचा झ्बिश्को गामासमोर अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पालथा पडून राहिला. आजच्या हिशेबाने गामा कितीतरी गुणांनी पुढे ठरला असता. त्या दिवशी मात्र कुस्ती अनिर्णित राहिली आणि पुढची तारीख १७ सप्टेंबर ठरली. त्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही, तेव्हा कुठे गामा विजयी ठरला. 'ठरवता येत नाही' असे म्हणण्याची मुभा त्या पद्धतीत होती.

गुण आणि घड्याळ आले आणि ही मुभा गेली. ठरलेल्या मिनिटांत कोणीतरी जिंकलाच पाहिजे, म्हणून अर्धवट डावांनाही किंमत लावावी लागली. त्या किमतीवरचे वाद आपल्याकडे फार लवकर सुरू झाले. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी देऊन डावलले, असे खाशाबा जाधवांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा चाचणीची संधी मिळवून दिली. तिथे खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवले, म्हणजे गुणांचा वाद चितपटाने मिटवला. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. महाराजांचा दरवाजा बंद असता तर गोळेश्वरच्या या मल्लाचे नाव आज किती जणांना ठाऊक असते?

कुस्तीत निदान पकड दिसते, पाठ दिसते. व्यावसायिक मुष्टियुद्धात अडचण आणखी सूक्ष्म आहे. तिथे तीन पंच रिंगच्या तीन बाजूंना बसून प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला सहसा ९. कोणी खाली पडला तर त्याचा आणखी एक जातो. एखादी फेरी केसाच्या अंतराने जिंकली तरी १०–९ आणि तीन मिनिटे एकतर्फी वर्चस्व गाजवले तरी बहुधा १०–९च. म्हणजे अटीतटीच्या चार-पाच फेऱ्या कोणाच्या पदरात पडतात, यावरच लढत ठरते. त्या फेऱ्यांत एक पंच ठोशांची संख्या पाहतो, दुसरा त्यांचे वजन. एक पुढे चाल करणाऱ्याला दाद देतो, दुसरा त्याला हुलकावणी देणाऱ्याला. शिवाय एका बाजूने स्वच्छ दिसलेला ठोसा दुसऱ्या बाजूच्या पंचाला खेळाडूच्या पाठीआड दिसतच नाही.

६ एप्रिल १९८७च्या हॅगलर–लेनर्ड लढतीत एका पंचाने लेनर्डला ११८–११० असे जिंकवले, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या त्याच्या. दुसऱ्याने ११५–११३ असे लेनर्डलाच, तिसऱ्याने ११५–११३ असेच, पण हॅगलरला. लढत एकच होती. हॅगलर त्यानंतर रिंगमध्ये पुन्हा उतरला नाही.

यावर यंत्राचा उपाय हौशी मुष्टियुद्धात करून झाला आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने प्रतिस्पर्ध्याच्या दुपटीहून अधिक ठोसे लगावूनही सुवर्णपदक ३–२ अशा मतांनी यजमान कोरियाच्या खेळाडूला गेले. या गदारोळानंतर १९९२पासून बटणे आली. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण. तंटा मिटला नाही. २०१२ला लंडनमध्ये आपल्या विकास कृष्णनला १३–११ असा विजयी घोषित केले आणि काही तासांनी, अमेरिकेच्या तक्रारीनंतर, निकाल उलटवला. पुढे बटणे गेली, १० गुणांची पद्धत आली. २०२१ला टोकियोत मेरी कोमने तीनपैकी शेवटच्या दोन फेऱ्या ३–२ अशा जिंकल्या, पण पहिली ४–१ने गमावली होती आणि एकूण निकाल ३–२ने विरुद्ध गेला. रिंगबाहेर आल्यावरही आपण जिंकलो असेच तिला वाटत होते.

आता आपल्या मातीकडे येऊ. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ला औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी जिंकले. आज या गदेमागे मान आहे, इनाम आहे, सरकारी नोकरीची आशा आहे. म्हणूनच जानेवारी २०२३मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला दिलेले चार गुण राज्यभर गाजले. सिकंदर शेखची पाठ धोकादायक स्थितीत गेली होती की नाही, हे लाखो लोक मोबाइलवर चित्रफीत थांबवून पाहत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट करून गदा जिंकली. तिथे चित्रफीत थांबवून पाहण्याची गरज कोणालाच पडली नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला तर वाद चितपटावरच झाला. पृथ्वीराज मोहोळने राक्षेला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकले नाहीत, चित्रफीत पाहा, असा राक्षेचा आग्रह होता. संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम फेरीत गायकवाड गुणांवरून वाद घालून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन करता येत नाही, शिक्षाही योग्यच. पण शिक्षेने लाथेचा निकाल लागला, खांद्यांचा नाही. ज्या चितपटावर जुन्या पंचांचा सारा भरवसा होता, तोही आता डोळ्यांदेखत वादात सापडला आहे.

यंत्रे वाढवून निसटती लढत सोपी होत नाही, हे मुष्टियुद्धाने दाखवून दिले आहे. दोन प्रामाणिक पंच वेगळे पाहू शकतात, हे गृहीत धरूनच व्यवस्था उभी करावी लागते. प्रत्येक पंचाचा गुण आणि त्याचे कारण तिथल्या तिथे जाहीर व्हावे. हरकत घेतली तर मैदानातल्या सर्वांसमोर चित्रफीत दाखवावी. आणि फेरविचार करणारे हात पहिल्या पंचांचे नसावेत. चारशे वर्षांपूर्वी एका तक्रारदाराला एवढे मिळाले होते. पैठणच्या पंचांनी त्याला जिंकवले नाही. पण तक्रार करायला त्याच्यासाठी दुसरे दार उघडे होते आणि त्या दारापर्यंत त्याला कोणावर हात उगारावा लागला नाही.