एड्सवरच्या स्वस्त गोळीची पारख

ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्लाची स्थापना केली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी केवळ ते बनवण्याच्या कृतीला संरक्षण दिले, आणि दुसऱ्या कृतीने तेच औषध तयार करण्याची वाट भारतीय कंपन्यांना मोकळी झाली.

त्याचे सर्वांत मोठे फळ २००१ मध्ये दिसले. एड्सवरच्या तीन औषधांचा उपचार तेव्हा श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर जाई. सिप्लाने तो एका स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन ही तिन्ही ‘ट्रायोम्यून’ या एकाच गोळीत आली. या औषधांची पेटंटे वेगवेगळ्या कंपन्यांकडे असल्याने अशी गोळी इतरत्र निघणे अवघड होते.

पण स्वस्त गोळी खरोखर गुण देते का? जेनेरिक औषधाला सगळ्या चाचण्या नव्याने कराव्या लागत नाहीत. ते मूळ औषधाइतकेच आणि तितक्याच वेगाने रक्तात उतरते, एवढे निरोगी स्वयंसेवकांवर दाखवावे लागते. या अभ्यासातच ढिलाई झाली तर सारा डोलारा कोसळतो. २००४ मध्ये बाहेरच्या प्रयोगशाळेतील अशा त्रुटींमुळे जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची दोन औषधे मान्यताप्राप्त औषधांच्या यादीतून काढली. त्याच वर्षी ती पुन्हा यादीत आली. ही कठोरता योग्यच होती.

त्याच वर्षी कॅमेरूनमधील ६० रुग्णांवरील ट्रायोम्यूनच्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २४ आठवड्यांनंतर सुमारे ८० टक्के रुग्णांच्या रक्तातील विषाणू मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेले होते.